पडत राहण्याचं गणित

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. अंधार पडून थोडाच वेळ झाला होता आणि बुलढाणा-अकोल्यापासून थेट चंद्रपूरपर्यंत लोकांनी आभाळातून पेटत्या ठिणग्यांची रांग जाताना पाहिली, पश्चिमेकडून पूर्वेकडे. उल्का असती तर पापणी लवेपर्यंत विझली असती. ही रांग सावकाश गेली, घरातल्यांना हाक मारून अंगणात बोलवायला वेळ मिळेल इतकी सावकाश. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची एक मोठी रिंग येऊन पडली, तीन मीटरच्या आसपास व्यासाची. नंतर त्याच पट्ट्यातल्या शिवारांत धातूचे पोकळ गोळेही सापडले. कक्षांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिला आणि हे तुकडे चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत असं सांगितलं. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं.

वर गेलेलं खाली कसं आलं, असं तेव्हा जो तो विचारत होता. खरं तर ते धूड पहिल्या दिवसापासून पडतच होतं. चौदा महिने पडत होतं आणि पडूनही जमिनीला लागत नव्हतं, लाडबोरीला लागलं. पृथ्वीभोवती फिरणं म्हणजे पृथ्वीकडे पडत राहणं. चंद्राचं तेच, अवकाशस्थानकाचं तेच, आणि सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचंही तेच. हे वाक्य शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यात आकडे घालून कुणी दाखवत नाही, म्हणून ते पटत नाही. आकडे घालायला एक विहीर, गवंड्याचा ओळंबा आणि वहीचं एक पान पुरतं.

हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात सोळा फूट पडतो. दोन सेकंदांत चौसष्ट, तीन सेकंदांत एकशे चव्वेचाळीस. सेकंदांचा वर्ग करायचा आणि सोळानं गुणायचं. चाळीस फुटांवर पाणी असेल तर दगड पाण्याला लागायला १.५८ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबून हे मोजायला गेलं की फसगत होते. आवाज ऐकून बोट दाबेपर्यंत ०.२ सेकंद सहज जातात, आणि तेवढ्यात चाळीस फुटांची विहीर पन्नास फुटांची होऊन बसते. त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. हात उघडला ती फ्रेम शोधायची, ‘डुबुक’ ऐकू आलं ती फ्रेम शोधायची आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम असतात, म्हणजे चूक सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकी उरते. आवाजाला तळातून काठावर यायला ०.०३५ सेकंद लागतात, ते वजा करायचे. मग दोराला दगड बांधून खरी खोली मोजायची आणि ताडून पाहायची. दगड नुसता सोडायचा, फेकायचा नाही. बोअरमध्ये तर मुळीच सोडू नये. तो केसिंगला आपटत जातो, वेळ चुकतेच, आणि मोटारीपाशी अडकला तर पंप वर काढायचं काम निघतं.

लहान दगड घ्या, मोठा घ्या, वेळ तीच येते. पऱ्हाटीचं वाळलेलं पान मागे राहतं ते हवेमुळे.

विहिरीतून आलेला सोळाचा आकडा ढोबळ असतो. नेमका हवा असेल तर ओळंबा टांगावा. झोक्याची वेळ दोऱ्याची लांबी आणि त्या जागेचं गुरुत्व या दोनच गोष्टींवर ठरते, ओळंब्याच्या वजनावर नाही. म्हणून दोऱ्याच्या टोकाला लावलेला हा लोखंडी गोळा गुरुत्व मोजायचं उत्तम यंत्र आहे. पण त्याची टांगणी नीट हवी. सुतळी चालत नाही, ती ताणते, आणि पीळ सुटताना ओळंबा गरगर फिरतो. नायलॉनचा बारीक दोरा घ्यावा. तो खिळ्याला गुंडाळून बांधला तर प्रत्येक झोक्याला खिळ्यावर जरासा गुंडाळतो, जरासा उलगडतो, आणि लांबी सतत बदलत राहते. त्याऐवजी लाकडाच्या दोन सपाट पट्ट्यांमध्ये दोरा चिमटून त्या पट्ट्या दाराच्या चौकटीवर घट्ट ठोकाव्यात. मग झोका नेमक्या एका बिंदूतून फिरतो. लिंबाची फांदी सोयीची वाटते, पण ती स्वतःच हलते. पंखा बंद असावा आणि वारं येणार नाही अशी जागा असावी.

झोका लहान ठेवायचा. मीटरभर दोरा असेल तर ओळंबा १५-१७ सेंटिमीटर बाजूला नेऊन सोडायचा, म्हणजे कोन दहा अंशांच्या आत राहतो आणि वेळेतली चूक हजारात दोनपेक्षा कमी. तीस अंशांपर्यंत नेला तर वेळ १.७ टक्क्यांनी वाढते. मोजणी टोकाशी करू नये, कारण तिथे ओळंबा रेंगाळतो आणि तो नेमका कधी वळला ते कळत नाही. मधल्या, सगळ्यात खालच्या जागी मागे भिंतीवर खडूची उभी रेघ मारावी आणि त्या रेघेवरून ओळंबा एकाच दिशेनं जाताना मोजावं. सुरुवात ‘शून्य’ म्हणून करायची. बहुतेक जण ‘एक’ म्हणून सुरू करतात, पन्नासला थांबतात आणि वेळेला पन्नासनं भागतात. झोके झालेले असतात एकोणपन्नास. एवढ्यानं गुरुत्वाचा आकडा (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटरनं वाढतो तो) चार टक्क्यांनी फुगतो, ९.७९ ऐवजी १०.२ येतो, आणि मग दोष सूत्राला दिला जातो.

सगळ्यात अवघड काम लांबीचं. ती चिमट्यापासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची असते आणि निमुळत्या ओळंब्याचा मध्य बाहेरून दिसत नाही. सेंटिमीटर चुकला की उत्तर टक्क्यानं चुकतं. त्यावर एक चांगली तोड आहे. आधी लांब दोऱ्यावर मोजायचं, मग दोरा बरोबर एक मीटरनं आखूड करून पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळांचे वर्ग काढायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा आणि ३९.४८ ला, म्हणजे π च्या वर्गाच्या चौपटीला, त्या फरकानं भागायचं. ओळंब्याचा मध्य कुठे आहे हा प्रश्न वजाबाकीतच निघून जातो. दीड मीटरवर झोका २.४६ सेकंदांचा येतो, अर्ध्या मीटरवर १.४२ सेकंदांचा. वर्गांतला फरक ४.०३ च्या आसपास, आणि ३९.४८ ला त्यानं भागलं की ९.७९ च्या जवळ आकडा येतो.

विदर्भाचा आकडा हाच. पुस्तकातला ९.८१ युरोपातल्या अक्षांशांवरचा आहे. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे, शिवाय तिच्या फिरण्यामुळे तिथे वजन जरा हलकं भरतं. हे आधी घड्याळानं दाखवलं. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, आणि लंबक आखूड करावा लागला. न्यूटननं पुढे १६८७ च्या ग्रंथात पृथ्वीच्या आकाराच्या चर्चेत हा पुरावा वापरला. दोराभर लांबीचं साधन अख्ख्या पृथ्वीचा आकार सांगतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पहिल्या सेकंदात दगड या आकड्याच्या निम्मा पडतो: ९.७९ चं अर्धं ४.९ मीटर, म्हणजे पुन्हा सोळा फूट. आता हाच आकडा चंद्रापर्यंत न्यायचा आहे.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर, पृथ्वीच्या साठ त्रिज्यांइतका. आपण पृथ्वीच्या मध्यापासून एक त्रिज्या दूर आहोत, चंद्र साठ. ओढ अंतराच्या वर्गानं कमी होत असेल तर तिथे ती ३,६०० पट कमी असायला हवी. म्हणजे एका सेकंदात चंद्र सोळा फुटांच्या ३,६०० व्या भागाइतका, जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर, पृथ्वीकडे पडायला हवा. मोजायला हे फार बारीक आहे, म्हणून सेकंदाऐवजी मिनिट घ्यायचं. साठ सेकंदांचा वर्ग पुन्हा ३,६००. म्हणजे दगड एका सेकंदात जितका पडतो तितकाच चंद्र एका मिनिटात पडायला हवा: सोळा फूट, ४.९ मीटर.

पडतो का? चंद्राच्या फेरीचा परीघ २४,१५,००० किलोमीटर. ताऱ्यांच्या संदर्भानं एक फेरी २७.३२ दिवसांची, म्हणजे सुमारे २३,६०,००० सेकंदांची. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला १.०२३ किलोमीटर, मिनिटाला ६१.४. एवढं अंतर तो सरळ गेला असता तर पृथ्वीपासून किती लांब सरकला असता, ते काढायला ६१.४ चा वर्ग करायचा आणि अंतराच्या दुपटीनं, ७,६८,८०० नं, भागायचा. उत्तर ०.००४९ किलोमीटर. ४.९ मीटर.

हा भागाकार कागदावर एकदा तरी स्वतः करावा. विहिरीतल्या दगडाचा आणि पौर्णिमेच्या चंद्राचा आकडा एकच निघतो, ते पाहिल्यावर नियम पाठ करावा लागत नाही. पृथ्वी वस्तूंना स्वतःकडे ओढते हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. मात्र ‘न्यूटनच्या आधी आम्हीच’ असं म्हणून जे लोक थांबतात ते मधली ही पायरी सोडून देतात. ओढ आहे हे ओळखणं एक काम. ती किती अंतरावर किती उरते ते मोजून चंद्राशी जुळवणं दुसरं. दुसऱ्या कामाशिवाय उपग्रह वर राहत नाही.

चंद्राची चाल पाहायला कागदही लागत नाही. रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला ओलित चालू असतं तेव्हा चंद्राशेजारचा एखादा ठळक तारा धरून ठेवावा. तासाभरात चंद्र त्या ताऱ्याच्या संदर्भात स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकलेला दिसतो. दिवसाला हे तेरा अंश होतात, म्हणून तो रोज सरासरी दोन घटका, म्हणजे पाऊण तासाहून थोडा जास्त, उशिरा उगवतो.

मग पडतोय तर आदळत का नाही? कारण तो आडवाही जातोय, आणि पृथ्वी गोल आहे. हेच गणित जमिनीलगत करून पाहू. ७.९ किलोमीटर सरळ गेलं तर पृथ्वीची गोलाई आपल्याखालून ४.९ मीटर उतरलेली असते. दगड एका सेकंदात ४.९ मीटरच पडतो. म्हणजे दगड सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगानं आडवा फेकला तर तो जितका पडेल तितकीच जमीनही खाली गेलेली असेल, आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. या वेगानं नागपूरहून अमरावतीला, सरळ रेषेतले १४० किलोमीटर, अठरा सेकंदांत पोचता येतं. जमिनीलगत हवा असल्यामुळे हे जमत नाही. दगड जळून जाईल. म्हणून आधी हवेच्या वर जायचं आणि मग आडवा वेग घ्यायचा. उंची गाठण्यापेक्षा आडवा वेग मिळवणं महाग पडतं, आणि रॉकेटचं बरंचसं इंधन त्यातच जळतं. उडालेलं रॉकेट टीव्हीवर थोड्या वेळात कलताना दिसतं, ते याच कामाला लागलेलं असतं.

‘वर गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात’, हा समज शिकलेल्या माणसांतही घट्ट बसलेला आहे. अवकाशस्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या मध्यापासूनचं अंतर तिथे जेमतेम सहा टक्क्यांनी वाढतं, आणि गुरुत्व ८.७ उरतं, इथल्या जवळजवळ नव्वद टक्के. तरंगतात ते स्थानकासकट पडत असल्यामुळे. याची परीक्षा एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीनं होते. तळापासून दोन बोटं वर तापवलेल्या दाभणानं भोक पाडायचं, बाटली भरायची, झाकण काढून टाकायचं. भोकातून धार लागते. आता बाटली गच्चीवरून सोडून द्यायची. तीन मीटरच्या उंचीवरून ती ०.७८ सेकंदात खाली येते, आणि तेवढा वेळ धार बंद असते. खाली उभ्या माणसानं स्लो मोशनवर चित्रण केलं तर स्वच्छ दिसतं. पाणी बाटलीच्या बुडावर दाबच देत नाही, कारण दोघं बरोबरीनं पडतात. झाकण मात्र उघडंच हवं. घट्ट लावलेलं असेल तर हवेच्या दाबानं धार आधीच थांबते आणि प्रयोगाला अर्थ राहत नाही. पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. हीच बाटली उभी धरून वर उडवायची. हात सुटल्या क्षणी धार थांबते, बाटली अजून वर चाललेली असतानाच. हातातून सुटलेली वस्तू वर जात असतानाही पडतच असते.

कक्षा गोलच असली पाहिजे असं काही नाही. बहुतेक लांबट असतात. टीव्हीचे उपग्रह वर न्यायला आधी फार लांबट कक्षा घेतात: एक टोक जमिनीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, दुसरं छत्तीस हजारांवर. खालच्या टोकाशी वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या वर, वरच्या टोकाशी दीडच्या थोडा पुढे. उपग्रह तिथून स्वतःच्या इंजिनावर पुढे जातो आणि रॉकेटचा रिकामा टप्पा त्या लांबट वाटेवर मागे राहतो. सिंदेवाहीवर जळालेला टप्पा असाच राहिलेला. दोनशे किलोमीटरवर हवा नावालाच असते, पण असते. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाशी तिचा किंचित अटकाव होतो. आणि कक्षेचा एक नियम डोक्यात नीट बसवावा लागतो: अटकाव जिथे झाला तिथली उंची जवळपास तशीच राहते, कमी होते ती समोरच्या टोकाची. म्हणून छत्तीस हजारांचं टोक फेरीगणिक उतरत जातं, महिनोन् महिने. शेवटी दोन्ही टोकं सारखी होतात, मग अख्खी कक्षाच हवेत उतरते आणि पुढचा खेळ काही तासांचा उरतो.

इथे आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. हवेनं अडवल्यावर उपग्रह मंदावेल असं वाटतं. गोल कक्षेत तो वेगवान होतो. ४०० किलोमीटरवर वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर, २०० वर ७.७९. उतरताना उंचीतून ऊर्जेचे दोन रुपये सुटतात, एक हवा उष्णतेच्या रूपानं घेते आणि एक वेगात जमा होतो. शंभर किलोमीटरच्या खाली हवा दाट झाली की जमा झालेलं सगळंच उष्णता होऊन जातं. पत्रा वितळतो, जाड रिंग आणि वायू दाबून भरायच्या टाक्या तगतात. त्या जमिनीवर येतात तेव्हा कक्षेतला वेग संपलेला असतो. गावात सापडलेली वस्तू जमिनीत खोल न घुसता बऱ्यापैकी अखंड मिळते, ती त्यामुळेच. खरा दगड अवकाशातून आपल्या वेगासकट थेट आदळला की काय होतं ते बुलढाणा जिल्ह्यात लोणारला दिसतं: काळ्या पाषाणात पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा.

लांबट कक्षेचा परिणाम घरच्या दिनदर्शिकेतही मोजता येतो. २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत दिवस मोजले तर १८६ भरतात, आणि तिथून पुढच्या मार्चपर्यंत १७९. आकाशातली वाट दोन्ही वेळा अर्धीच, पण हिवाळ्याच्या बाजूला पृथ्वी सूर्याजवळ असते आणि भरभर जाते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अंतर १४.७ कोटी किलोमीटर, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५.२ कोटी. गोंदियात शेकोट्या पेटतात तेव्हा सूर्य सगळ्यात जवळ असतो. चंद्रपूरचा मे महिना तापतो तो अंतरामुळे नव्हे. पृथ्वी कललेली आहे, सूर्य डोक्यावर येतो आणि दिवस मोठा होतो.

केप्लरनं १६१९ मध्ये छापलेला तिसरा नियम फेरीचा काळ आणि अंतर जोडतो: काळाचा वर्ग आणि अंतराचा घन एकमेकांच्या प्रमाणात. शनीची साडेसाती सगळ्यांना ठाऊक असते. तीन राशींना साडेसात वर्षं, म्हणजे राशीला अडीच, म्हणजे बारा राशींना तीस. खरी फेरी २९.४६ वर्षांची. वर्ग केला की ८६८ येतो आणि त्याचं घनमूळ ९.५४, शनी आपल्यापेक्षा सूर्यापासून साडेनऊ पट दूर आहे. साडेसातीच्या भविष्यावर माझा विश्वास नाही, पण तिच्या मुदतीत शनीचं अंतर दडलेलं आहे, आणि ती मुदत कुणीतरी पिढ्यान् पिढ्या आकाश पाहून काढली आहे, याचा आदर वाटतो. गुरू राशीला एक वर्ष घेतो. त्याचं अंतर वाचकांनी काढून पाहावं, ५.२ पट येईल.

आता घराघरांवरची डिश. ती एका जागी खिळवलेली असते, म्हणजे तिचा उपग्रह आकाशात हलत नसला पाहिजे, म्हणजे पृथ्वीच्या एका गिरकीत त्याची एक फेरी व्हायला हवी. किती दूर असेल? चंद्राची फेरी २७ दिवसांची धरू, ह्याची एका दिवसाची. २७ चं घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. चंद्राच्या अंतराला नऊनं भागा: ४२,७००. खरा आकडा ४२,१६४, पृथ्वीच्या मध्यापासून. राहिलेला फरक बहुतेक २७ आणि २७.३ मधला. पृथ्वीची त्रिज्या वजा केली की जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर. तोंडी हिशेबात टक्का-दीड टक्क्यापर्यंत पोचता येतं.

असा उपग्रह फक्त विषुववृत्ताच्या माथ्यावरच स्थिर राहू शकतो, कारण प्रत्येक कक्षेच्या प्रतलात पृथ्वीचा मध्य असावाच लागतो. नागपूरच्या डोक्यावर उपग्रह टांगून ठेवता येत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या छत्र्यांची तोंडं दक्षिणेच्या बाजूला. दूरदर्शनची मोफत डिश ज्या जीसॅट-१५ कडे पाहते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरच्या आसपास त्याची दिशा दक्षिणेकडून पूर्वेला ३५ अंश, उंची क्षितिजापासून ६० अंश. डिश पाहिली तर ती इतकी वर तोंड करून असल्यासारखी वाटत नाही, कारण या डिश तिरक्या बनावटीच्या असतात. एलएनबीची, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीची, दांडी खालून पुढे आलेली असते आणि खरी नजर ताटाच्या कलापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. ताटाचा कल पाहून नेम धरणारा तिथेच चुकतो. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंश रुंद असते. मेच्या वावटळीत खांब दोन अंश फिरला तर तितक्या अंतरावर नेम बाराशे किलोमीटरहून जास्त सरकतो आणि पडदा निळा होतो. खांब आधी ओळंब्यात घ्यावा, मग उंची बांधावी आणि शेवटी डिश डावी-उजवीकडे अगदी सावकाश, मिलिमीटरनं सरकवावी. खांबच वाकडा असेल तर बाजूला फिरवताना उंचीही बदलते आणि दोन्ही मापं एकदम हातची जातात. मुसळधार पावसात सिग्नल जातो तेव्हा मात्र डिश हललेली नसते, मधलं पाणी लहरी शोषतं.

जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाला, रिशेचं घड्याळ जिथे मागे पडलं त्या कायेनपासून फार दूर नाही. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास असतो, आणि पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला तो फुकट मिळतो. वर पोचल्यावरही उपग्रह आपोआप जागेवर राहत नाही. सूर्य आणि चंद्र त्याची कक्षा वर्षाला पाऊण-एक अंशानं तिरपी करत राहतात, आणि ती सरळ ठेवायला थोडंथोडं इंधन जाळावं लागतं. ते संपत आलं की शेवटच्या साठ्यावर त्याला काहीशे किलोमीटर वर ढकलून जागा रिकामी करतात. दहा-पंधरा वर्षांनी उपग्रह बदलावा लागतो त्याचं हे एक मोठं कारण.

आणि वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आपल्या अक्षांशावर हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घडतं. जीसॅट-१५ साठी सकाळी अकराच्या आसपास, काही दिवस ओळीनं, पाच-दहा मिनिटं. सूर्याचा स्वतःचा रेडिओ गोंगाट उपग्रहाच्या क्षीण सिग्नलवर चढतो आणि चित्र फुटतं. आभाळ निरभ्र, वारं नाही, तरी सिग्नल गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा गेला, तर पान्हा घेऊन छतावर चढू नये. दहा मिनिटं थांबावं. डिश जागेवरच असते.